अंधारपेटीत मुलांना सगळं दिसतंय! प्रकाशाचे स्रोत आणि वस्तू दिसणं वर्गात कसं दाखवावं?

पडवीतला फळा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, इयत्ता सहावी, धडा 'प्रकाश व छायानिर्मिती'. दीप्तिमान (स्वतः उजेड देणारी वस्तू) आणि दीप्तिहीन (न देणारी) या व्याख्या मुलांच्या तोंडपाठ आहेत. अडतंय ते प्रयोगाशी.

बुटांच्या खोक्याची अंधारपेटी केली आहे. आतून काळा ऑइलपेंट, पुढच्या बाजूला डोळ्यासाठी भोक, झाकणाला उजेडासाठी खिडकी. खिडकी बंद असताना आतली सुपारी दिसू नये आणि उघडली की दिसावी, एवढंच अपेक्षित. घाईत डोकावणाऱ्याला दिसत नाही. पण जो दोन-तीन मिनिटं डोळा लावून बसतो, त्याला खिडकी बंद असतानाही सुपारी दिसते. "अंधारातपण दिसतं की ओ बाई!" यावर उत्तर काय द्यायचं?

दुसरं म्हणजे, स्रोत कोणता आणि स्रोत नाही कोणता, या यादीवर वर्गात दोन तट पडलेत. वादातली नावं अशी: चंद्र, काजवा, मांजराचे डोळे, एस्टीच्या मागची रेडियमची पट्टी, थंडीत रात्री चमकणारी लाट.

तिसरा प्रश्न एका मुलाचा. हर्णैच्या दीपगृहाचा झोत कधी हवेत पट्ट्यासारखा दिसतो, कधी नुसताच दिवा लुकलुकतो. असं का?

हाताशी खोकी, बॅटऱ्या, समई, आरशाचे तुकडे आहेत. प्रयोगशाळा नाही. लेझर वापरायचा नाही.

---

खोकेबाज

बाई, मुलं बरोबर सांगतायत. तुमच्या पेटीत उजेड शिरतोय.

आधी डोळ्याचं गणित. उजेडातून अंधारात गेल्यावर बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण खरं काम पडद्यावरच्या पेशी करतात. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी साधारण १० मिनिटांत सरावतात, मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशींना २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणून १० सेकंद डोकावून "दिसत नाही" म्हणणाऱ्याचा निकाल धरायचाच नाही, त्याचा डोळा अजून वर्गातल्या उजेडात आहे. चिकाटीने बसणारा मुलगा तुमच्या पेटीची खरी परीक्षा घेतोय. पेटी अशी हवी की १० मिनिटांनीही काही दिसू नये.

गळती शोधायची सोपी रीत: मोबाईलची बॅटरी चालू करून पेटीत ठेवा, डोळ्याचं भोक बोटाने दाबा, सगळ्या खिडक्या बंद करा आणि पेटी अंधाऱ्या खोलीत नेऊन बाहेरून बघा. जिथून उजेड बाहेर येतो तिथूनच तो आत जातो. बहुतेक वेळा सापडतात त्या जागा म्हणजे झाकणाची कड, चारही कोपरे, आणि जिथे सांधा पारदर्शक सेलोटेपने चिकटवलाय ती जागा. सेलोटेप फट झाकते, उजेड नाही. तिथे इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावा. झाकणाची कड पेटीवर निदान ३ सेंटीमीटर उतरली पाहिजे. तेवढी नसेल तर वरून काळ्या कापडाची झालर चिकटवा.

ऑइलपेंट ही दुसरी चूक. तो काळा असला तरी चकचकीत आहे, आणि चकचकीत पृष्ठभागावर उजेड तिरका पडला की तो जवळजवळ आरशासारखा वागतो. डोळ्याच्या भोकातून शिरलेला थोडासा उजेड त्या लांब भिंतींवरून घसरत थेट वस्तूपर्यंत पोचतो. शिंप्याकडे काळ्या मखमलीचे तुकडे मिळाले तर तेच आत चिकटवा. कापडाच्या लवेत उजेड अडकून पडतो. नाही मिळाले तर खडबडीत काळा कागद. पोस्टर कलर चालेल, दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. किनाऱ्याच्या दमट हवेत पुठ्ठा ओला राहिला की वाकतो आणि झाकण बसत नाही.

तिसरी गळती स्वतः मुलाचं डोकं. भोकाला डोळा लावला तरी गाल आणि पुठ्ठा यांच्यामध्ये फट राहते. जुन्या काळ्या मोज्याचा १० सेंटीमीटरचा तुकडा कापा, एक टोक भोकाभोवती चिकटवा, दुसरं डोळ्याभोवती दाबायचं. मुलाची पाठ खिडकीकडे नको, तोंड खिडकीकडे असू दे, म्हणजे पेटीचा पुढचा भाग तिच्याच सावलीत राहतो. वरून एक घोंगडी टाकली की काम पक्कं. डोळे आलेल्या मुलाला मात्र मोजा लावू देऊ नका, दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग घरी बसेल.

मापं: साधारण ३० सेंटीमीटर लांबीचा खोका, डोळ्याचं भोक १ सेंटीमीटर, वस्तू समोरच्या भिंतीपासून ५ सेंटीमीटर अलीकडे. झाकणातली खिडकी ३ बाय ३ सेंटीमीटर आणि वस्तूच्या बरोबर वर, समोरच्या भिंतीत नाही. समोर केली तर बॅटरीच डोळ्यात येते आणि वस्तू काळी आकृती होऊन उरते. खिडकीवर ८ सेंटीमीटर रुंद पुठ्ठ्याची सरकती पट्टी, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच सेंटीमीटर जास्तीचं झाकण मिळतं.

शेवटचा मुद्दा, जो सगळे विसरतात: मुलांना आत सुपारी आहे हे ठाऊक असेल तर त्यांना ती "दिसते". दर वेळी वस्तू बदला, आणि पाचातून एकदा पेटी रिकामी ठेवा. रिकाम्या पेटीत सुपारी बघणारा एखादा निघतोच.

---

कौलारू

झोताचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, म्हणून तेवढंच घेतो.

उजेड बाजूने जाताना दिसत नाही. तो डोळ्यात शिरला तरच दिसतो. दीपगृहाचं भिंग चहूकडे पसरणारा उजेड गोळा करून एका दिशेला पाठवतं (अशा पायऱ्यापायऱ्यांच्या भिंगाचा दिवा पहिल्यांदा १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कॉर्दुआन दीपगृहात लागला, कल्पना फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाची). तो झोत तुमच्या डोक्यावरून समुद्राकडे जात असेल तर त्यातला काहीच तुमच्याकडे येत नाही. कोरड्या, स्वच्छ हवेत म्हणून फक्त भिंग आपल्याकडे वळेल तेव्हाच लखकन दिवा दिसतो. हवेत धुकं, पावसाचे बारीक कण किंवा समुद्राचा खारा तुषार असला की प्रत्येक कण थोडा उजेड बाजूला फेकतो. तो आपल्यापर्यंत पोचतो आणि पट्टा दिसतो. दिसतात ते कण, झोत नाही.

वर्गात दाखवायला कवडसा पुरेसा आहे. कौलारू खोलीत जिथून ऊन येतं तिथे बघा. जमिनीवर ठिपका आहे, पण वाटेत काही नाही. आता एक उदबत्ती खाली धरा. धूर त्या वाटेत गेला की कौलापासून जमिनीपर्यंत तिरकी काठी उभी राहते. पंख्याचं बटण बंद करायला विसरू नका. खडूची धूळ उडवायचा मोह होईल, पण ती डोळ्यांत आणि छातीत जाते. उदबत्तीच बरी.

आणि कवडसा हातात आहेच तर पुढचं सोडू नका. कौलांमधली फट वेडीवाकडी असते, तरी जमिनीवरचा कवडसा गोल किंवा लंबगोल असतो. कारण तो फटीचा आकार नाही, सूर्याचं चित्र आहे. पुस्तकातला सूचिछिद्र प्रतिमाग्राहक (पिनहोल कॅमेरा) तुमच्या छपरात आयता बसवलेला आहे. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे होतात.

मोजायचं असेल तर: सूर्याचा व्यास आणि त्याचं अंतर यांचं गुणोत्तर साधारण १ ला १०८ आहे. म्हणून कवडशाची रुंदी ही फटीपासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या १०८ व्या भागाइतकी येते. ४ मीटरला साधारण ३.७ सेंटीमीटर. हे करताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. ऊन तिरकं असल्यामुळे कवडसा लंबगोल पडतो, तेव्हा त्याची आखूड रुंदी मोजा. अंतर उभं मोजू नका, फटीपासून ठिपक्यापर्यंत दोरी तिरकी ताणून मोजा. आणि फटीची रुंदी त्या मापातून वजा करा, म्हणजे ५ मिलिमीटरची फट असेल तर ४.२ सेंटीमीटरचा ठिपका दिसेल, खरी प्रतिमा ३.७ ची. फट २-३ सेंटीमीटरची असेल तर हा खेळ बिघडतो, ठिपक्याला फटीचाच आकार येऊ लागतो. मग पुठ्ठ्याला खिळ्याने भोक पाडून तो फटीखाली धरा.

बघायचं जमिनीकडे. फटीतून वर सूर्याकडे कोणी डोळा लावायचा नाही.

---

पडवीतला फळा

खोकेबाज, गळती सापडली. तुम्ही म्हणालात तीच, सेलोटेप. मागचा अख्खा सांधा उजळला होता. मखमल मिळाली आहे.

पेटीत रंगीत उजेड टाकला तर काही दाखवता येईल का? जिलेटिन पेपर आहेत, लाल आणि हिरवा.

---

खोकेबाज

येईल. एक लाल मिरची आणि एक हिरवी मिरची शेजारी ठेवा. खिडकीवर लाल जिलेटिन: लाल मिरची उजळ, हिरवी जवळजवळ काळी. हिरवं जिलेटिन: उलट. लाल मिरची लाल उजेडच परत पाठवते. तो मिळालाच नाही तर तिच्याकडे पाठवण्यासारखं काही उरत नाही.

एक पदर पुरत नाही. विशेषतः हिरवा जिलेटिन पेपर पिवळा-निळा बराच सोडतो, तो तीन पदरी घ्या. आधी मिरच्या दाखवू नका, रंगीत उजेडातच "यातली लाल कोणती?" विचारा.

---

रात्रपाळी

रेडियम आणि मांजराचे डोळे एकाच खणात टाका. दोन्ही स्रोत नाहीत, पण दोघांची युक्ती सारखी आहे.

एस्टीच्या मागच्या पट्टीत रेडियम नावालाही नाही. खरं रेडियम (क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेलं) एके काळी घड्याळांच्या काट्यांना लावत, ते किरणोत्सारी असल्याने बंद झालं. नाव मात्र आपल्याकडे चिकटलं ते चिकटलंच. पट्टीत असतात काचेचे बारीक मणी किंवा कोपऱ्यासारखे प्रिझम. उजेड जिकडून आला तिकडेच ते परत पाठवतात. आरसा तसं करत नाही, तो ज्या कोनात आला तेवढ्याच कोनात पलीकडे फेकतो.

प्रयोग संध्याकाळी, मैदानात. पट्टी ५-६ मीटरवर भिंतीला लावा. बॅटरी कानशिलाला टेकवून धरा, डोळ्याच्या शेजारी. पट्टी भगभगते. आता बॅटरी दुसऱ्या मुलाच्या हातात देऊन त्याला दीड मीटर बाजूला उभा करा आणि पट्टीवरच मारायला सांगा. तुम्हाला ती मळकट दिसेल, त्याला लखलखीत. बॅटरी विझली की दोघांनाही काही नाही. स्रोत असता तर विझल्यावरही दिसली असती.

मांजर, कुत्रा, गुरं यांच्या डोळ्यांत पडद्याच्या मागे चमकदार थर असतो. पडद्यातून पार गेलेला उजेड तो परत पाठवतो, म्हणजे त्यांच्या पेशींना तोच उजेड टिपायची दुसरी संधी मिळते. त्यातला थोडा बाहेर आपल्याकडे येतो. मगरीलाही हा थर असतो, रात्री बॅटरी मारून चमकणारे डोळे मोजणं ही मगरी मोजायची रूढ पद्धत आहे. (वाशिष्ठीच्या काठी मुलांना घेऊन हा प्रयोग करू नका, एवढं सांगायला नको.) त्यापेक्षा शाळेच्या अंगणातल्या गवतावर कपाळाशी बॅटरी धरून बघा. हिरवट बारीक ठिणग्या दिसतील, ते जमिनीवर फिरणाऱ्या कोळ्यांचे डोळे. दवाचे थेंबही चमकतात, पण मान हलवली की थेंबाचा रंग बदलतो, कोळ्याचा नाही.

छताला लावायच्या चमकत्या चांदण्या तिसऱ्याच प्रकारच्या. त्या उजेड साठवतात आणि हळूहळू सोडतात, म्हणजे अंधारात काही काळ खरोखरच स्रोत असतात. चांदणीवर नाणं ठेवून दोन मिनिटं बॅटरी मारा, बॅटरी विझवा, नाणं उचला. नाण्याची काळी सावली तशीच चिकटलेली दिसते. दुसऱ्या चांदणीवर तुमचं लाल जिलेटिन दोन-तीन पदरी ठेवून हेच करा. लाल उजेडाने ती जवळजवळ भरतच नाही, निळा-जांभळा लागतो.

---

देवबागचो वारो

लाटेचा मी सांगतंय. बाकी सगळा तुम्ही बघा.

थंडीत रात्री चमकते ती लाट खरा स्रोत आहे. पाण्यात नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव असतो, मोठ्यातला मोठा एक-दोन मिलिमीटरचा. पाणी ढवळलं की पेशीत रासायनिक क्रिया होऊन निळसर झगमग उठते, एका पेशीची चमक सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. अरबी समुद्रातल्या प्रकारात पेशीच्या आत हिरवं शेवाळ राहतं, त्यामुळे दाट झाला की दिवसा पाणी हिरवट दिसतं.

वर्गात आणायचं असेल तर चमकणाऱ्या पाण्यातून स्वच्छ बाटली अर्धीच भरा, वर हवा राहू द्या. उन्हात ठेवू नका, त्याच रात्री वापरा. अंधाऱ्या खोलीत १५-२० मिनिटं बाटली आणि मुलं दोन्ही गप्प बसवा. मग बाटली हलकेच हलवा. सारखी हलवत राहिलात तर चमक कमी होत जाते, थोडा वेळ विश्रांती द्या. व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकले तर सगळ्या पेशी एकदम उजळतात, पण मरतात. ते शेवटी. किनाऱ्यावर बघायचं तर अमावस्येच्या आसपास, हॉटेलांच्या दिव्यांपासून लांब. मोबाईलला नाइट मोड आणि दगडाचा टेका.

चांदण्यात पांढरा दिसणारा फेस वेगळा. तो चंद्राचा उजेड परत देतो. दोन्ही एकाच लाटेवर दिसतात म्हणून मुलं गोंधळतात. सावलीत भरलेली बाटली काय ते ठरवते.

काजवाही स्रोतच. ल्युसिफेरिन आणि ल्युसिफेरेज ही त्याच्या अंगातली रसायनं, सोबत ऑक्सिजन, वर पेशीतली ऊर्जा. उजेड होतो पण उष्णता जवळजवळ नाही. मे अखेर ते जून बघायला मिळतात. काचेच्या बाटलीत कोंडू नका आणि बॅटरी मारू नका, त्या लुकलुकीवर नर-मादी एकमेकांना शोधतात.

ता. क. मिरच्यांचो प्रयोग समुद्रात आपोआप होता. पाणी लाल उजेड आधी गिळतं, म्हणून ५-१० मीटर खाली लाल वस्तू काळपट दिसते. मालवणात डुबकी मारणारे भर दुपारी बॅटरी घेऊन उतरतात ते यासाठीच.

---

तिसरी कोर

चंद्राबद्दल कोणी लिहिलं नाही. स्रोत नाही हे पुस्तकात आहेच, पण "एवढा पांढरा दिसतो तो स्वतः उजेड देत नाही?" हे मुलांना पटत नाही. आणि त्यांचं न पटणं योग्य आहे, कारण चंद्र पांढरा नाहीच. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला सरासरी १२ टक्केच तो परत पाठवतो. जुन्या डांबरी रस्त्याच्या जवळपास.

खोकेबाजांच्या मखमली पेटीत हे दाखवता येतं. किनाऱ्यावरचा काळा कातळाचा खडा घ्या, अंड्याएवढा, कोरडा. (ओला खडा अजून काळा दिसतो आणि चमकतो, प्रयोग फसतो.) तो काळ्या दोऱ्याने पेटीत लटकवा. बॅटरीला पुठ्ठ्याचं टोपण लावून त्यात १ सेंटीमीटरचं भोक पाडा, म्हणजे उजेड फक्त खड्यावर पडेल, मखमलीवर नाही. बघणाऱ्याला काळ्या पेटीत एक फिकट, जवळजवळ पांढरा गोळा तरंगताना दिसतो. आता वरच्या खिडकीतून पांढऱ्या कागदाची पट्टी त्याच उजेडात खड्याशेजारी उतरवा. खडा त्याच क्षणी काळा होतो. पट्टी वर ओढली की पुन्हा पांढरा. बदललं काहीच नाही, फक्त तुलनेला शेजारी आला.

योगायोग असा की चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचे आहेत आणि आपला सह्याद्रीचा काळा कातळही बेसॉल्टच. दगड अगदी जातीचा निवडलाय म्हणायचं.

घरचा अभ्यास द्यायचा तर अमावस्येनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी कोर बघायला सांगा. कोरीच्या आत उरलेला चंद्रही अगदी मंद दिसतो. तो उजेड सूर्यापासून पृथ्वीवर, पृथ्वीवरून चंद्रावर आणि तिथून परत आपल्या डोळ्यात असा तीन टप्प्यांनी आलेला असतो. शेवटच्या टप्प्यालाच सव्वा सेकंदाहून थोडा जास्त लागतो.

---

समईतेल

स्रोत-स्रोत म्हणताय तर समईकडे बघा. ज्योत पिवळी दिसते कारण तिच्यात काजळीचे तापलेले कण आहेत. स्टीलचा थंड चमचा पिवळ्या भागात दोन सेकंद धरला की काजळी चमच्यावर उतरते, म्हणजे उजेड देणारी वस्तूच तुम्ही हातात घेतली. आणि एक गंमत: उन्हात समई ठेवून मागे पांढरा कागद धरा. ज्योतीची अंधुक सावली पडते. स्रोत असली तरी काजळी उजेड अडवतेच.

स्रोत एकमेकांपासून ओळखायला जुनी सीडी पुरे. ३० सेंटीमीटरचा खोका, एका टोकाला दाढीच्या दोन ब्लेडच्या धारा समोरासमोर ठेवून पाव मिलिमीटरची फट (ब्लेड बाईंनीच लावायचं), दुसऱ्या टोकाला आत सीडीचा तुकडा साधारण ६० अंशांत तिरका, आणि त्याच्या वर डोळ्याचं भोक. समईत सलग रंगपट्टा. पांढऱ्या एलईडीत ठसठशीत निळा, मग थोडी मंद जागा, मग हिरवा ते लाल सलग. जुन्या सीएफएलमध्ये सुट्या रेघा. स्पिरिटच्या दिव्यात मिठाची चिमूट टाकली तर एकच पिवळी रेघ, सोडियमची. फट सूर्याकडे धरायची नाही, पांढऱ्या ढगाकडे धरा.

---

किल्लेभटक्या

याच रंगपट्ट्याच्या युक्तीने विजयदुर्गावरून लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८६८ ला हेलियम शोधला. मुलांना तेही सांगा, कोकणातली गोष्ट आहे.

---

समईतेल

सांगा, पण दुरुस्त करून. किल्ल्यावर लॉकयरच्या दुर्बिणीसाठी बांधलेले म्हणून साहेबाचे कट्टे दाखवतात, आणि १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हेही खरं. पण त्या दिवशी ग्रहण बघायला आलेला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकयर इंग्लंडात. लॉकयरने सूर्याच्या रंगपट्ट्यातली हेलियमची पिवळी रेघ ग्रहणाशिवायच, तिथूनच, ऑक्टोबर १८६८ मध्ये टिपली. ही रेघ सोडियमच्या रेघेच्या अगदी शेजारी होती पण तिच्यावर बसत नव्हती, म्हणून नवं मूलद्रव्य. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं, रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाकडे. वर सांगितलेल्या मिठाच्या रेघेचा संबंध नेमका इथेच लागतो, त्यामुळे वर्गात सांगण्यासारखं आहेच.

---

पडवीतला फळा

भरपूर झालं, आभार. शेवटचं एक: पारदर्शक वस्तू का दिसते? काचेतून उजेड पार जातो तर काच दिसायला नको, असा प्रश्न आलाय.

---

कौलारू

उजेड पूर्ण पार जात नाही. हवेतून काचेत शिरताना सुमारे ४ टक्के परत फिरतो, बाहेर पडताना पुन्हा तेवढाच. शिवाय वाकतो. त्या दोन्हींमुळे काच दिसते. दोन माध्यमांचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो ते सांगणारा आकडा) सारखा असेल तर परतही फिरत नाही आणि वाकतही नाही.

बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी घ्या, हायस्कूलकडून उसनी मिळेल. अपवर्तनांक १.४७. सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं तेलही १.४७ च्या आसपास. पेल्यात पाऊण भाग तेल, त्यात रिकामी नळी बुडवा. स्पष्ट दिसते, कारण आत हवा आहे. आता नळीतही तेल ओता. जिथवर तेल चढतं तिथवर नळी नाहीशी होते. बुडबुडे राहिले तर १० मिनिटं थांबा.

साधा काचेचा ग्लास वापरलात तर फसेल, त्याचा अपवर्तनांक १.५२. घरचं खोबरेल तेलही नको, ते १.४५ च्या जवळ, कडा पुसट दिसत राहतात. शिवाय ते २४ अंशांखाली थिजतं. आता थंडीत सकाळच्या पहिल्या तासाला काढलंत तर पेल्यात पांढरा गोळा मिळेल.

---

खोकेबाज

आणि बाई, समई अंधारपेटीत ठेवून बघू असा कोणीतरी उत्साही मुलगा सुचवेलच. पुठ्ठा, मखमल आणि तेल एकत्र नको. पेटीला बॅटरीच.